हॅस्केटच्या दुकानाची आग

सुप्रभाताई देवस्थळींना सेलला बरोबर न्यायला आमच्यातली कोणी तयार नसे. जानेवारी आला की साउथहॅम्प्टनच्या मराठी मंडळातल्या आम्ही चौघी-पाचजणी कोट आणि चादरी शोधत हिंडायचो, आणि या बाई दुकानात शिरायच्या आधी काचेवरची पाटी वाचत उभ्या राहायच्या.

"‘क्लोजिंग डाऊन, एव्हरीथिंग मस्ट गो.’ मागच्या जानेवारीतही हे दुकान बंदच होत होतं. त्याच्या आदल्याही. इतकं सावकाश मरणारं माणूस तरी पाहिलंय का गं तुम्ही?"

त्यांचा स्वभावच संशयी. लग्नाआधी सहा वर्षं त्या पुण्यात एका छापखान्यात प्रूफं तपासायच्या. छापलेल्या अक्षरावर विश्वास ठेवायचा नाही, ही तिथली पहिली शिकवण, असं त्या म्हणत. चौऱ्याहत्तर साली नवऱ्यामागोमाग इंग्लंडला आल्या. शशिधरराव भूलतज्ज्ञ होते. त्र्याऐंशीत त्यांनी साउथहॅम्प्टनपासून बसने तासाभरावर असलेल्या हॅझलबर्न नावाच्या गावात घर घेतलं. गाव लहान, शाळा चांगली. स्टेशनसमोरचा गुजराती पेपरवाला सोडला तर आपलं म्हणावं असं दुसरं घर नव्हतं.

घरात बसून कंटाळा येई म्हणून त्या गावच्या म्युझियममध्ये बिनपगारी जाऊ लागल्या. म्युझियम म्हणजे लायब्ररीच्या वरच्या दोन खोल्या, मंगळवारी आणि गुरुवारी उघड्या. ते सांभाळायच्या मिस डोरोथी पिम, प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेल्या, अडुसष्ट वर्षांच्या. पहिल्या दिवशी पाऊस होता तर स्वतःची छत्री सुप्रभाताईंना देऊन आपण भिजत गेल्या. "अशी माणसं इथे क्वचित," सुप्रभाताई मला फोनवर म्हणाल्या, आणि लगेच, "बघू, काय हवंय त्यांना."

हॅझलबर्नमधल्या सगळ्यांना एक गोष्ट पाठ होती. हाय स्ट्रीटवर ‘हॅस्केट अँड सन्स’ हे कापडाचं जुनं दुकान. १८८७च्या जानेवारीत त्याला आग लागली. ॲनी नावाच्या दुकानातल्या पोरीने वरच्या खिडकीतून कापडाचे तागे खाली फेकले, आणि गावकऱ्यांनी नदीपासून रांग लावून बादल्या पोचवल्या. दुकान वाचलं. उपकाराची फेड म्हणून पहिल्या हॅस्केटने सगळा माल निम्म्या किमतीत गावाला विकला. तेव्हापासून दर जानेवारीत हॅस्केटचा ‘फायर सेल’ लागे. म्युझियमच्या काचेच्या कपाटात त्या रात्रीची एक चामड्याची बादलीही होती. तिच्यावर जे. पी. अशी अक्षरं होती. जोसाया पिम, मिस पिमचे आजोबा.

१९८७ला या आगीला शंभर वर्षं व्हायची होती. कमिटी बसली, अध्यक्ष अर्थात दुकानाचे मालक कॉलिन हॅस्केट. सेल, म्युझियममध्ये प्रदर्शन आणि शाळेचं नाटक, असं सगळं चोवीस जानेवारीच्या शनिवारी ठरलं. हॅस्केटनी दुकानाच्या माळ्यावरची एक पत्र्याची पेटी म्युझियमला पाठवली. आत शे-सव्वाशे जुनी हँडबिलं. मिस पिमनी ती सुप्रभाताईंपुढे ठेवली. "तुमची नजर चांगली आहे. जरा वर्षांप्रमाणे लावाल?"

वर्ष एकावरही छापलेलं नव्हतं. ‘शनिवार, १५ जानेवारीपासून’ असं नुसतंच. सुप्रभाताईंनी लायब्ररीतून जुनं पंचांग म्हणावं तसं एक पुस्तक आणलं आणि वार-तारीख जुळवून वर्षं काढायला सुरुवात केली. जिथे दोन वर्षं जुळायची तिथे खिळे, म्हणजे छपाईचे ठसे, बघायच्या. हॅस्केटच्या नावातला मोठा ‘एच’ एका वर्षी धड, पुढच्या वर्षी त्याचा पाय तुटलेला, मग दोन्ही पाय. तीन आठवड्यांत पहिली सोळा वर्षं रांगेत लागली. मग त्या ती ओळीने वाचायला बसल्या.

पहिलं, १८८७चं: ‘मार्लडीन येथील श्री. एलायस क्राऊच यांच्या दुकानास लागलेल्या आगीतून वाचलेला सर्व माल आम्ही विकत घेतला आहे. धूर लागलेलं लिनन, किंचित भिजलेली फ्लॅनेल, निम्म्या किमतीत.’

पुढच्या वर्षी: ‘मार्लडीनच्या आगीतून वाचलेला माल.’ क्राऊच गेला.

त्याच्या पुढच्या वर्षी नुसतंच ‘आगीतून वाचलेला माल.’ मार्लडीनही गेलं.

मग ‘आगीनंतरचा आमचा प्रसिद्ध सेल.’ मग एका वर्षी ‘आमची ती भीषण आग, आणि बादल्या घेऊन धावलेल्या गावकऱ्यांचे आभार.’ आणि सोळाव्या वर्षीच्या हँडबिलावर खिडकीतून तागा फेकणारी एक मुलगी, चित्रासकट. खाली नाव, ॲनी.

सुप्रभाताई सांगायच्या, "आमच्या छापखान्यात असंच व्हायचं. एका आवृत्तीत चूक राहिली की दुसऱ्या आवृत्तीत ती पाठभेद ठरते आणि तिसऱ्यात ती बदलायला गेलं तर लेखकच भांडतो."

पहिल्या हँडबिलाची त्यांनी ओळीला ओळ लावून पेन्सिलीने नक्कल करून घेतली आणि मूळ कागद फोल्डरमध्ये ठेवला. मिस पिम चहा करत होत्या. त्यांना काही बोलल्या नाहीत. कपाटातल्या बादलीकडे मात्र दोनदा पाहिलं.

घरी शशिधररावांना सांगितलं तर ते म्हणाले, "अगं, मग काय झालं? जाहिरातच ती. इथल्या लोकांची गोष्ट, त्यांची त्यांना लखलाभ. आपण कशाला?"

"अहो, पण खोटं आहे ते."

"असेल. उल्काचा विचार केलास का?"

तो त्यांनी केलेला होता, म्हणून तर झोप उडाली होती. उल्का तेव्हा तेरा वर्षांची. शाळेच्या नाटकांत तिला तोवर कधी झाडाचं, कधी नाताळच्या खेळातल्या तिसऱ्या मेंढपाळाचं काम मिळालेलं. या वेळी तिला ॲनी केलं होतं. घरात दिवसभर तिची वाक्यं चालायची. तिला कानावर आलं तशी ती खाली आली. "आई, ते गोष्ट खोटा आहे? दॅट्स नॉट फेअर. माझी ड्रेस पण झाली शिवून. पहिल्यांदा मला मेन पार्ट मिळाला आणि तू…" पुढचं सगळं इंग्रजीत, जिन्यावरून, दार आपटून.

तरीही सुप्रभाताईंनी दुसऱ्या दिवशी दुकानात फोन केला. सांगितलं एवढंच: एका हँडबिलावर माल दुसऱ्या गावच्या दुकानातून घेतल्याचं लिहिलंय, तुम्ही पाहायला हवं. गावाचं नाव मुद्दाम घेतलं नाही. समोरचा माणूस किती जाणतो ते त्यांना पाहायचं होतं.

कॉलिन हॅस्केट म्हणाले, "हे आणखी कोणाला दाखवलंत का, मिसेस डी?"

"नाही."

"छान. गुरुवारी बघतो."

‘छान’ हा शब्द सुप्रभाताईंना आवडला नाही. गुरुवारी फोल्डर उघडला तर बाकीची पंधरा वर्षं जागेवर होती, पहिलं हँडबिल नव्हतं.

मिस पिमनी सगळी कपाटं शोधली, पेटी उपडी केली. हॅस्केट येऊन हळहळले. किल्ल्या तीन होत्या. एक मिस पिमकडे, एक लायब्ररीत, एक कमिटीचे अध्यक्ष म्हणून हॅस्केटकडे. सुप्रभाताईंच्या मनात चोर पक्का झाला. गावाच्या मनातही झाला, पण वेगळा. पुढच्या आठवड्यात कमिटीची बैठक झाली. एक निवृत्त मेजर होते, त्यांनी घसा साफ करून विचारलं, "कागद कधी कधी चुकून घरी जातात. पिशवीत वगैरे. तसं काही…?" बोलताना ते सुप्रभाताईंकडे पाहत नव्हते. बाकीचे सगळे पाहत होते.

सुप्रभाताईंनी पिशवी उचलली आणि टेबलावर उलटी केली. बसचा पास, चष्म्याचं घर, पोळी-भाजीचा डबा, उल्काच्या ॲनीच्या झग्यासाठी आणलेली लेस. डब्याचं झाकण उघडून बटाट्याची भाजी टेबलावर सांडली, तिचा वास खोलीभर पसरला. "कोटाचे खिसेही दाखवू?" त्यांनी विचारलं. मिस पिम उठल्या, फडक्याने टेबल पुसू लागल्या. पुसून झालेली जागाच त्या पुन्हा पुन्हा पुसत होत्या, हे सुप्रभाताईंनी पाहिलं आणि त्याचा चुकीचा अर्थ लावला. त्यांना वाटलं, बाईंना माझी कीव येते आहे.

त्या रविवारी त्या आमच्याकडे आल्या. मी म्हटलं, "ताई, सोडून द्या. म्युझियमच सोडा." त्या म्हणाल्या, "आता सोडलं तर मीच चोर ठरते. आणि अगं, मला माझाही भरवसा नाही. समजा दोन आगी लागल्या असतील? एक तिथे आणि एक इथे? एका कागदावरून मी काय सिद्ध करणार? तोही हरवलेला."

सोमवारी मीच त्यांना साउथहॅम्प्टनच्या मोठ्या लायब्ररीत सोडलं. जुनी वर्तमानपत्रं तिथे मायक्रोफिल्मवर होती. सोमवार ते शुक्रवार त्या यंत्रापुढे बसल्या, डोळे लाल करून घरी जायच्या. १८८७चे जानेवारी-फेब्रुवारी उलटसुलट तीनदा वाचले. हॅझलबर्नमध्ये घोडा उधळला, पाद्रीबाबांनी भाषण दिलं, राणीच्या ज्युबिलीसाठी वर्गणी निघाली. आग नाही. हॅस्केटच्या जाहिराती मात्र एकही आठवडा न चुकता. जळालेलं दुकान आठवड्यागणिक हातरुमाल कसं विकेल?

मग मागे जात नोव्हेंबर १८८६ला त्यांना मार्लडीन सापडलं. एलायस क्राऊच यांचं कापडाचं दुकान, दिवा उलटून लागलेली आग. क्राऊच देशोधडीला लागले, शिल्लक माल लिलावात हॅझलबर्नच्या हॅस्केटनी घेतला. आणि शेवटी दोन ओळी: दुकानात माळ्यावर राहणारी एलन टक, वय सतरा, खिडकीपर्यंत पोचली होती पण वाचली नाही.

"त्या दोन ओळी वाचून मी यंत्राचा दिवा बंद केला," त्यांनी मला सांगितलं. "आमच्या उल्काला नाचत तागे फेकायला शिकवताहेत, आणि ती पोर…"

बातमीची प्रत घेऊन त्या मंगळवारी म्युझियममध्ये गेल्या. मिस पिम एकट्याच होत्या. सुप्रभाताईंनी प्रत पिशवीतच ठेवली आणि नेहमीसारखं बोलणं काढलं. बैठकीतल्या प्रकाराबद्दल मिस पिम पुन्हा पुन्हा माफी मागत होत्या. मग म्हणाल्या, "कशाला जिवाला लावून घेता? मार्लडीनची माणसं आगीच्या बाबतीत नेहमीच निष्काळजी होती, एवढाच काय तो अर्थ."

सुप्रभाताईंनी कप बशीवर ठेवला. "मार्लडीन? मी तर इथे कोणालाच गावाचं नाव सांगितलं नव्हतं, मिस पिम."

मिस पिमनी स्वतःची हँडबॅग उघडली. चर्चच्या मासिकात नीट सपाट ठेवलेला कागद काढला आणि टेबलावर ठेवला.

"तुम्ही लिहून घेत होतात तेव्हा मी मागून पाहिलं," त्या म्हणाल्या. "फाडून टाकायचं होतं. तीनदा शेगडीपाशी गेले. जमलं नाही. चाळीस वर्षं मुलांना हीच गोष्ट सांगितली मी. दरवर्षी या बादलीपाशी उभी राहून."

"आणि बैठकीत माझी पिशवी उलटी झाली तेव्हा?"

मिस पिमनी तो कागद सुप्रभाताईंकडे सरकवला. रडल्या नाहीत. ताठ बसून राहिल्या.

सुप्रभाताईंना राग आला होता, पण त्याहून जास्त लाज वाटली, कारण जवळजवळ तीन आठवडे त्या हॅस्केटला चोर समजत होत्या, रस्त्यात दिसला तर तोंड फिरवत होत्या. त्यांनी प्रत काढून मिस पिमपुढे ठेवली आणि शेवटच्या दोन ओळींवर बोट ठेवलं. मिस पिमनी वाचलं. "सतरा," एवढंच म्हणाल्या. मग उठून कमिटीला फोन केला आणि कागद आपणच घेतल्याचं सांगितलं. सुप्रभाताई शेजारी उभ्या होत्या. मेजरांकडून माफीचा एक शब्दही आला नाही, हेही खरं.

आता हॅस्केट चिडणार, असं दोघींनी धरलं होतं. ते चिडले नाहीत. बातमीची प्रत वाचली, हँडबिल उजेडात धरलं आणि म्हणाले, "माझ्या आजोबांना बहुतेक माहीत होतं. विषय निघाला की हसायचे." मग टिचकी वाजवून, "पण मिसेस डी, हे तर आगीपेक्षा भारी आहे!"

सुप्रभाताईंना तेव्हाच शंका यायला हवी होती. आलीही, पण प्रदर्शनाचं काम अंगावर होतं. सोळा हँडबिलं त्यांनी एका भिंतीवर ओळीने लावली, खाली साध्या शब्दांत काय कधी बदललं ते लिहिलं. शेवटी मार्लडीनची बातमी. बादली कपाटातच राहिली. मिस पिमनी तिच्यासमोरचं कार्ड स्वतः बदललं: ‘जोसाया पिम यांची बादली. कोणत्या आगीसाठी, हे माहीत नाही.’

शाळेने नाटक रद्द केलं नाही. मुलांची तयारी झाली होती. पडदा उघडायच्या आधी शाळेतल्या बाईंनी सांगितलं की ही गोष्ट आपण गावात सांगत आलो तशी आहे, घडली तशी नव्हे. उल्काने आठ दिवस आईशी अबोला धरला होता. तरी झग्याला लेस मात्र लावून घेतली, आणि काम चांगलं केलं. मी पाहायला गेले होते.

त्याच शनिवारी सकाळी नाटकाला निघताना सुप्रभाताई हाय स्ट्रीटवर थबकल्या. रस्त्याकडेला आदल्या आठवड्याचा बर्फ काळा होऊन पडला होता. हॅस्केटच्या काचेत माणसाएवढा नवा फलक होता, लाल अक्षरांत:

‘शंभर वर्षं दडवलेलं सत्य! एलन टकची खरी कहाणी आत वाचा. चादरी, टॉवेल, लोकर यांवर वीस टक्के सूट.’

बाहेर रांग लागली होती. इतकी रांग त्या दुकानाला कित्येक वर्षांत लागली नसेल. सुप्रभाताई रांग सोडून थेट आत गेल्या.

"मिस्टर हॅस्केट, त्या मुलीचं नाव काढा."

"अहो, तुम्हालाच तर ते लोकांसमोर आणायचं होतं!"

"म्युझियमच्या भिंतीवर. टॉवेलांच्या वर नाही. तुमच्या पणजोबांनी क्राऊचची आग विकली. तुम्ही ती पोर विकताय."

"मिसेस डेव्ह…" त्यांना आडनाव कधीच जमलं नाही. "दुकान आहे हे. लोकांना आत आणायला काहीतरी सांगावंच लागतं. यात खोटं काय आहे?"

फलकावरचा शब्द न् शब्द खरा होता. तरी सुप्रभाताई तिथेच, गल्ल्यासमोर, उभ्या राहिल्या. मागे लोक कुजबुजू लागले. तेवढ्यात रांगेतून मिस पिम पुढे आल्या. त्या टॉवेल घ्यायला आल्या होत्या, हातात एक होताही. तो त्यांनी गल्ल्यावर ठेवला.

"कॉलिन, मी तुला वाचायला शिकवलंय," त्या म्हणाल्या. "जा आणि ते उतरव."

तो पन्नाशीचा गृहस्थ कानापर्यंत लाल झाला. त्याने मधली ओळ पांढऱ्या कागदाने झाकली. बाकीचं तसंच ठेवलं, आणि दिवसभर विक्री जोरात झाली.

त्यानंतर सुप्रभाताई आणखी नऊ वर्षं त्या म्युझियममध्ये होत्या. गावातल्या काहींनी त्यांच्याशी बोलणं कमी केलं, ते कमीच राहिलं. हॅस्केटचं दुकान त्र्याण्णवला मंदीत गेलं. ‘क्लोजिंग डाऊन’ची पाटी लागली तेव्हा सुप्रभाताईंनी ती खरी मानायला सहा आठवडे घेतले.

मिस पिमशी मैत्री पुन्हा पहिल्यासारखी झाली का, असं मी एकदा विचारलं. "नाही," त्या म्हणाल्या. "पण दुसऱ्या एका प्रकारची झाली. आता त्या मला काही सांगतात तेव्हा आधीच म्हणतात, हे तपासून घ्या हं."

अठ्ठ्याऐंशीच्या मे महिन्यात दोघी बसने मार्लडीनला गेल्या होत्या. चर्चच्या आवारात तासभर हिंडल्या, टक नावाचा दगड सापडला नाही. मग तिथल्या माणसाने दफनाची जुनी नोंदवही काढून दिली. नोव्हेंबर १८८६ला एलन टक होती. मिस पिमनी डोळे पुसले. सुप्रभाताईंनी चष्मा लावून पुन्हा वाचलं.

"इथे वय सोळा लिहिलंय," त्या म्हणाल्या. "बातमीत सतरा. कोणीतरी चुकलंय, किंवा ही दुसरीच."

मिस पिम म्हणाल्या की एवढ्याशा गावात, त्याच महिन्यात, दुसरी कशी असेल? सुप्रभाताईंनी मान डोलावली, पण वहीत सोळा आणि सतरा दोन्ही लिहून घेतले. चार वाजताची बस यायला वेळ होता. दोघी बाकावर बसल्या, मिस पिमची काकडीची सँडविचेस आणि सुप्रभाताईंचे थालीपिठाचे तुकडे निम्मे निम्मे वाटून खाल्ले, आणि जन्माची नोंद कुठे मिळेल यावर बोलत राहिल्या.